चपडीचे अकरा हात

शामकांत जोशी वाईट माणूस होता असं नगरच्या माळीवाड्यात कुणी म्हणणार नाही. पण चेंगट? अरे बाप रे! रेडिओ दुरुस्तीला आला, तर हा आधी त्याची पेटी पुसून लख्ख करणार आणि मग पेचकस हातात घेणार. दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाईक बोंबलतंय, "अहो, आवाज तेवढा येऊ द्या, बातम्या संपत आल्या!" आणि हा आत बसून बटणाच्या खाचेतली धूळ ब्रशानं काढतोय. रेडिओ मात्र असा करून द्यायचा की पुन्हा वर्षभर बघायला नको. म्हणून लोक शिव्या द्यायचे आणि पुन्हा त्याच्याकडेच यायचे.

सन सेहेचाळीसची गोष्ट. आदल्या मार्गशीर्षात त्याच्या बायकोला, सुनीतीला, विषमज्वर झाला. एकवीस दिवस तिनं डोळा उघडला नाही. ताप उतरला, जीव वाचला, पण जाताना तापानं तिचा डावा कान पार नेला आणि उजव्यालाही हात लावून ठेवला. चैत्रात शामकांत तिला मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि याला एकट्याला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, "नस सुकत चालली आहे. औषध नाही. उजव्या कानात अजून थोडं आहे. मोठा आवाज अगदी जवळून केला तर पोचेल. पण वर्षं धरू नका, महिने धरा. काय ऐकवायचं असेल ते ऐकवून घ्या."

हे त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं बरं का. महिने धरा म्हणून.

घरी येताना टांग्यात सुनीतीनं विचारलं, "काय म्हणाले?" शामकांतला खोटं बोलता येत नसे. त्यानं तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "मला एकच गोष्ट हवीय हो. शोभाची अंगाई."

शोभा त्यांची मुलगी, चार वर्षांची. ती पाळण्यात असताना सुनीतीनं तिच्यासाठी एक अंगाई रचली होती. शब्द चारचौघींसारखेच, चिऊ, काऊ, चांदोबा. चाल मात्र तिची स्वतःची. कडव्याच्या मध्येच एक सूर असा अलगद खाली उतरायचा की ऐकणाऱ्याचं हातातलं काम थांबायचं. शेजारच्या बायका म्हणायच्या, कुठून आणलीस गं ही चाल? पण आजारातून उठल्यावर तिला आपलाच आवाज सापडेना. एकदा ती गात असताना शोभानं तिच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "असं नाही ना गं आई." त्या दिवसापासून तिनं गाणं टाकलं.

"माझीच चाल मला विसरायला झालीय," सुनीती टांग्यात म्हणाली. "एकदा, फक्त एकदा मला ती नीट ऐकू द्या. मग मी ती मनात अशी बांधून ठेवीन, की कान गेले तरी पोरीला म्हणता येईल. नाहीतर ती मोठी होईल आणि तिला वाटेल, आपल्या आईला गाता येत नव्हतं."

आता शामकांतला चाल पाठ होती, पण गळा म्हणजे वंगण नसलेलं गाडीचं चाक. शेजारची बाजाची पेटी आणून बघितली. सुनीतीनं भात्याला कान लावला आणि मान हलवली. पोचत नव्हतं, आणि पोचलं असतं तरी तो उतरणारा सूर पेटीवर निघतो कुठे? पेटीवर पायऱ्या असतात, उतार नसतो.

तेव्हा त्याला भिंगारची आठवण झाली. लग्न नवं असताना दोघं छावणीच्या रस्त्यानं फिरायला गेली होती. एका बंगलीच्या ओसरीवर एक गोरा सोल्जर मांडीवर गिटार आडवी ठेवून बसला होता. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत होता आणि आवाज येत होता तो शेजारच्या खोक्यातून. विजेची गिटार! सुनीती पदर तोंडाला लावून उभीच राहिली. "अहो, ही तार रडतेय का हसतेय?" असं विचारलं होतं तिनं. त्या तारेला पायऱ्या नव्हत्या. आणि खोक्याचं बटण पिळलं की आवाज हवा तेवढा मोठा.

असली गिटार नगरात कुणाकडे असणार? मुंबईहून मागवायची म्हणजे डोक्यावरून पाणी. पण शामकांतचा धंदाच रेडिओचा. त्यानं ठरवलं, घरीच करायची. आणि मग गडी असा पेटला म्हणता!

गल्लीच्या तोंडाशी गहिनीनाथ सुताराचं दुकान होतं. मूळचा जामखेडकडचा, दुष्काळात नगरला आलेला, हात सोन्याचा. त्याच्याकडे जुन्या दाराच्या चौकटीचं एक सागवान पडून होतं. त्यानं ते फुकट दिलं. "वैनींसाठी हाय म्हन्ता, मग इकायचं कसं? न्या." दोघांनी मिळून ते तासलं. गिटार म्हणजे आत पोकळ भोपळा लागतो असं गहिनीनाथला वाटत होतं. शामकांतनं सांगितलं, विजेच्या गिटारीला पोकळी लागत नाही, भरीव फळी चालते. तारेखाली लोहचुंबक बसवायचा, त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि तिथून दोन वायरी रेडिओला. तार थरथरली की रेडिओ बोलतो. गहिनीनाथनं कपाळाला हात लावला. "काय एकेक!"

लोहचुंबक मिळाला लष्कराच्या भंगारात, मोडक्या टेलिफोनमध्ये. केसासारखी तार निघाली वायरलेसवाल्यांच्या फुटक्या हेडफोनांतून. आता तिचे चार हजार वेढे घालायचे. हातानं घालायचे तर जन्म जाईल. म्हणून सुनीतीचं शिवणयंत्र काढलं. बॉबिन भरायच्या चकतीवर वेटोळं बसवलं. ती चाक फिरवायची आणि मोठ्यानं मोजायची, हा श्वास रोखून तार सोडायचा. तीन दुपारी हेच. एकोणीसशेच्या पुढे कुठेतरी तार अडकली. "थांब!" शामकांत ओरडला. तो बसला होता तिच्या डाव्या हाताला. ती आपली फिरवतेय, मोजतेय, एकोणीसशे बारा, एकोणीसशे तेरा. तटकन तार तुटली.

"ऐकू येत नाही का तुला?"

निघून गेलं तोंडातून. नेमकं तेवढं तिला ऐकू आलं. मग शामकांतनं तिच्या मनगटाला एक दोरा बांधला आणि त्याचं दुसरं टोक आपल्या करंगळीला. थांबायचं असेल तेव्हा तो ओढणार. पुन्हा एकपासून सुरुवात. आणि सांगू का, त्या तीन दुपारी दोघं जेवढी हसली तेवढी आजारानंतर कधी हसली नव्हती. मधूनच तो उगीच दोरा ओढायचा आणि ती म्हणायची, "अहो, काम करा!"

आषाढात वेटोळं तयार झालं. फळीत बसवलं. रेडिओच्या पाठीला ग्रामोफोनसाठी दोन भोकं असतात, त्यांत वायरी घातल्या. तारा अजून चढवायच्या होत्या. शामकांतनं सहज पेचकसाचं टोक लोहचुंबकावर टेकवलं.

टक्क!

रेडिओतून असा आवाज निघाला की भिंतीवरची पाल पळाली. आणि रेडिओच्या मागच्याच स्वयंपाकघरातून सुनीती धावत आली, कणकेचे हात तसेच, चेहरा उजळलेला. "आलं! मला आलं! अहो, पुन्हा करा ना!" त्यानं पुन्हा केलं. टक्क, टक्क. ती खाली बसली आणि कणकेच्या हातांनी तोंड झाकून ढसाढसा रडली. आनंदानं. शोभा तिच्या गळ्यात पडून विचारत होती, "काय झालं आई, काय झालं?"

"आता तारा चढवा," सुनीती म्हणाली. "आत्ताच. वाजवा."

अहो, चढवायच्या होत्या की तारा! सतारीच्या सहा पोलादी तारा कपाटात तयार होत्या. खुंट्या तयार होत्या. अर्ध्या तासाचं काम. पण शामकांत म्हणाला, "अशी? कच्च्या लाकडावर? पॉलिश झाल्याशिवाय तारा चढवल्या तर पुन्हा उतरवाव्या लागतील. थोडं थांब. अर्धवट वस्तू तुझ्या हातात देऊ का मी?"

"मला अर्धवट चालेल."

"मला नाही चालणार."

प्रेमानं म्हणाला हो. त्याच्या मनात ती वस्तू आता नुसती वस्तू राहिली नव्हती. बायकोला शेवटचं काही ऐकवायचं, तर ते कसं देखणं हवं, राजाच्या घरी शोभेल असं हवं. सुनीती कणीक मळायला आत गेली. नवऱ्यापुढे फार ताणायची सवय नव्हती तिला.

पॉलिश म्हणजे लाखेची चपडी. ती स्पिरिटमध्ये विरघळवायची, मलमलीत कापसाचा बोळा गुंडाळायचा आणि हलक्या हातानं फळीवर फिरवायचा. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, बारीक कागदानं घासायचा, मग दुसरा हात. गहिनीनाथनं शिकवलं आणि पहिले दोन हात स्वतः दिले. श्रावण लागला होता. नगरला पाऊस तो काय, पण त्या वर्षी आठ-आठ दिवस झड लागली. दमट हवेत चपडीला पांढरी बुरी येते. सहा हात झाल्यावर फळीवर ढग आल्यासारखं दिसायला लागलं. डोळ्याजवळ नेल्याशिवाय दिसत नव्हतं, पण शामकांतला झोपेतही दिसत होतं. त्यानं सगळं खरवडून काढलं. पुन्हा पहिल्यापासून.

गहिनीनाथ बघून चिडला. "शामराव, लई झालं! लाकूड हाय ह्ये, आरसा न्हाई. वैनींनी त्यात त्वांड बघायचंय का? तारा चढवा आन् मोकळं व्हा."

"अजून चार हात, बस."

"तुमचे चार म्हंजी आमचे चाळीस." असं म्हणून तो गेला आणि पुढे कितीतरी दिवस फिरकला नाही.

गणपती आले, गेले. भाद्रपदात ऊन पडलं आणि चपडी छान बसायला लागली. अकरा हात झाले. आता तारा चढवायच्या, तोच कर्जतहून वडिलांचं कार्ड आलं. विष्णुपंत जोशी हे गावचे जोशी, पंचांग सांगणारे. मुलानं हौसेनं कळवलं होतं, सुनेसाठी वाद्य केलंय. त्यांनी लिहिलं होतं, सध्या पितृपक्ष, यात नवं काही सुरू करू नये. पुढे खंडेनवमी येतेच आहे. त्या दिवशी पूजा करून पहिला स्वर काढावा. पूजेआधी वाद्य बोलतं करू नये. नैवेद्य दाखवण्याआधी आपण चाखतो का?

दिवसभर विजेच्या तारांत हात घालणारा हा माणूस. सोवळंओवळं फार मानायचा असंही नाही. पण नैवेद्याचं वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं. लहानपणी कर्जतच्या घरात आईनं आमटीसुद्धा कधी चाखून बघितली नव्हती. इतके दिवस थांबलो, आणखी तीन आठवड्यांनी काय होतंय? त्यानं तारा चढवल्या, पण सुरात लावल्या त्या रेडिओ बंद ठेवून, कान लावून, हलकेच, पहिला स्वर निघू नये म्हणून. मग गिटार धोतरात गुंडाळून फडताळावर ठेवली. चांगल्या वेळेपर्यंत जपून. सुनीती दारात उभी राहून बघत होती.

"खंडेनवमीला," तो तिच्या कानाशी म्हणाला. मोठ्यानं.

तिनं त्याच्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली. "बरं," म्हणाली.

आता सांगा, या माणसाला कळायला नको होतं? त्या पंधरवड्यात ती हाकेला ओ देईनाशी झाली होती. समोर आल्याशिवाय बोलेना. दूध उतू गेलं तरी पाठ फिरवून बसलेली असायची. शोभा काही सांगायला आली तर तिची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवून घ्यायची. शामकांतला वाटलं, बाई आता सरावली. आणि गडी दुकानात एका फळकुटावर तार ताणून अंगाईवर हात बसवत राहिला, लोकांचे आवाज दुरुस्त करत राहिला.

खंडेनवमीला सकाळी त्यानं पाट मांडला. पेचकस, सांडशी, डाग द्यायचं लोखंड, सुनीतीचं शिवणयंत्र आणि मध्ये गिटार. काय दिसत होती म्हणून सांगू! जुनं सागवान मधासारखं झळकत होतं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, पुरणाचा नैवेद्य दाखवला. गहिनीनाथही आपल्या हत्यारांची पूजा उरकून, रुसवा विसरून आला आणि उंबऱ्याशी टेकला. शेजारच्या चार बायका आल्या. जेवणं झाली. दुपारी शामकांतनं गिटार मांडीवर घेतली. रेडिओ लावला, दिवा तांबडा झाला. सुनीतीला त्यानं रेडिओला खेटून बसवलं, उजवा कान जाळीच्या कापडाला टेकलेला, तळवा पेटीवर. शोभा तिच्या मांडीवर.

बटण पार शेवटपर्यंत पिळलं आणि त्यानं त्या सोल्जरसारखीच एक पोलादी कांडी तारेवर ठेवली.

आला की स्वर! अख्ख्या गल्लीत गेला. अंगाईची पहिली ओळ निघाली, दुसरी निघाली आणि मग तो सूर खाली उतरला. अलगद, अगदी तिच्यासारखा, जसा ती पाळण्याशी बसून उतरवायची तसा. उंबऱ्यावरचा गहिनीनाथ पटक्याच्या शेमल्यानं डोळे पुसायला लागला. शेजारणी तोंडाला पदर लावून उभ्या. सुनीती डोळे मिटून बसली होती, मान तालावर हलत होती, बोटं पेटीवर हलके ठेका धरत होती, गालांवरून पाणी चाललं होतं. शामकांतनं तीनदा चाल वाजवली. त्याला वाटलं, केलं आपण. उशीर झाला, लोक चिडले, पण केलं.

त्यानं कांडी उचलली आणि तिच्याकडे बघून विचारलं, "पोचलं?"

सुनीती हसली. "पोचलं हो. सगळं."

"मग म्हण ना आता. शोभाला म्हणून दाखव."

तिचा चेहरा क्षणभर गोंधळला. पण शोभा मांडीवर आडवी होऊन पदर ओढायला लागली होती, "म्हण ना आई, म्हण ना." सुनीतीनं तिच्या अंगावर हात ठेवला आणि अंगाई सुरू केली.

शब्द सगळे बरोबर होते. ठेका बरोबर होता, तळव्यानं पेटीतून उचललेला. सूर मात्र एकही नव्हता. पत्र वाचावं तशी ती सरळ एका रेषेत म्हणत होती, मध्येच कुठेतरी वर जात होती, आणि जिथे उतरायचं तिथे तिचा आवाज चिरकून वरच चढला. तिला काही कळत नव्हतं. चेहऱ्यावर हसू होतं, पोरीकडे बघत होती, किती मायेनं बघत होती. शेजारणींपैकी एकीनं चटकन तोंड फिरवलं.

शामकांतला तेव्हा कळलं. एकदम, सगळं. तिला काहीही पोचलं नव्हतं. तिनं नुसती थरथर हातानं ऐकली होती आणि नवऱ्याचं मन राखलं होतं. शोभा आईच्या तोंडाकडे हात न्यायला लागली, मागे एकदा नेला होता तसाच, आणि शामकांतनं झटकन कांडी उचलून तारेवर ठेवली.

रेडिओचं बटण त्यानं हलकं केलं आणि तिच्या मागून वाजवायला लागला. बरोबर चाल नाही. तिची, आत्ताची, चुकलेली. ती जिथे वर गेली तिथे कांडी वर सरकली, जिथे अडखळली तिथे अडखळली, चिरकली तिथे तारही चिरकली. त्या तारेला पायऱ्या नव्हत्या, ती कुठेही जाऊ शकत होती. हळूहळू दोन आवाज एकमेकांना लागले, आणि ऐकणाऱ्याला वाटावं, ही अशीच काहीतरी वेगळी चाल असेल, आपल्याला ठाऊक नसलेली. शोभाचा हात खाली आला. तिनं अंगठा तोंडात घातला. दुसऱ्या कडव्याला तिचे डोळे मिटले.

गाणं संपलं. शेजारणी हळूच निघून गेल्या. सुनीती पोरीला थोपटत होती, तिची पाठ आता शामकांतकडे होती.

"माझं चुकलं गं," तो म्हणाला.

त्यानं गिटार बाजूला ठेवली. "सुनीती," त्यानं हाक मारली, लग्न झाल्यापासून प्रथमच नाव घेऊन, गहिनीनाथदेखत, मोठ्यानं. "माझं चुकलं. आषाढातच वाजवायला हवं होतं."

गहिनीनाथ उंबऱ्यावरून उठला, जोडे हातातच घेतले आणि बाहेर पडला. सुनीती थोपटत राहिली. थोड्या वेळानं तिनं पोरीच्या कपाळावरचे केस सारले, अंगावर पांघरूण ओढलं आणि मग मागे वळून बघितलं, तेव्हा शामकांत तोंड मिटून बसला होता.

"काय हो," ती हसून म्हणाली, "काही म्हणालात का?"